घडी न मोडलेली आमसुली साडी

सहासष्टाव्या वर्षी मी दुकान टाकलं. दुकानाला शटर नाही, गल्ला नाही, दुपारी एक ते चार बंदची पाटी नाही. दुकान फोनमध्ये, माल माझ्या कपाटात, खातं सुनेच्या नावावर आणि सगळी अक्कल अकरावीतल्या नातीची. माझ्याकडे फक्त साड्या होत्या आणि मतं होती. मतं माझ्याकडे लहानपणापासून मुबलक आहेत. ती कुणी विकत घेत नाही, म्हणून साड्यांकडे वळले.

सुरुवात कपाटाच्या दारापासून झाली. ते लागेना. नात एका दुपारी सगळे कप्पे पलंगावर उपसून बसली, मोजदाद केली आणि म्हणाली, "आजी, तुझ्याकडे एकशे अठरा साड्या आहेत आणि तू रोज गाऊन घालतेस."

"मग काय करू? एकावर एक नेसू?"

"विक ना! लोक जुन्या साड्या शोधत असतात. सगळं ॲपवर असतं."

जुने कपडे विकायचे असतात हे मला नवीन नव्हतं. आमच्या उमेदीच्या काळात भांडीवाली यायची, जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी द्यायची. मी एकदा चार जरीच्या साड्या देऊन तिच्याकडून एक इडलीपात्र घेतलं होतं. दीड तास घासाघीस केली होती. तिला कसं गंडवलं या आनंदात आठवडाभर इडल्या केल्या. त्या चार साड्यांतल्या एकीसारखी साडी नातीने ॲपवर शोधून दाखवली, किंमत बघितली आणि मी उठून आत गेले. इडलीपात्राकडे बघवेना.

तर दुकान टाकायचं ठरलं. नात एकेक साडी बाजूला काढत होती. तळच्या कप्प्यात जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं होतं, ते तिने सोडलं. आत नारायणपेठ. रंग आमसुली, काठ मोहरीच्या रंगाचा. दुकानातल्या घडीत, जशीच्या तशी.

"ही तर नवी आहे! आजी, ही नेसलीच नाहीस?"

"ती विकायची नाही."

"का?"

"ठेव म्हटलं ना."

नात माझीच आहे. तिने ती ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसली आणि गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीच्या साड्यांना हात लावणार नाही म्हणाली. तिला जी सांगितली तीच इथे सांगते. तिच्यात मी फारशी बरी दिसत नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

तेव्हा आम्ही कसबा पेठेत राहायचो. एका मजल्यावर दोन बिऱ्हाडं, आमचं आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, मध्ये सामायिक गॅलरी. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. त्यांना शिवणाचा हात. गल्लीतल्या निम्म्या साड्यांना त्याच फॉल लावून द्यायच्या, टाका बाहेरून शोधून सापडायचा नाही. आणि आमच्या घरात एक रीत होती, ती आणखीही कितीतरी घरांत होती: नव्या साडीची घडी मालकिणीने स्वतः मोडायची नाही. पहिल्यांदा ती दुसरीला नेसायला द्यायची, तिने मिरवून परत दिली की मग आपण नेसायची. माझ्या साड्यांच्या घड्या वहिनी मोडायच्या, त्यांच्या मी. साडी लाभते म्हणायचे. मला आता वाटतं, लाभायचंबिभायचं काही नव्हतं. आपली सगळ्यात आवडती वस्तू आधी दुसरीच्या अंगावर बघायची सवय लागली की दोन बायका एका गॅलरीत सुखाने नांदू शकतात, एवढाच त्यातला हिशेब.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. देश उघडला, देश उघडला, असं सगळे म्हणत होते. त्या उघड्या दारातून मीही आत शिरले. कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका ऑफिसात डेटा एन्ट्रीला लागले. कॉम्प्युटरची खोली वेगळी, थंडगार, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. धूळ चालत नाही म्हणून. मी पहिले आठ दिवस सवयीने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. खंडेनवमीला कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं तेही मीच. एंटरचं बटण जे खाली बसलं ते पुन्हा वर आलं नाही. साहेबांनी चौकशी केली तेव्हा मी सगळ्यात आधी म्हटलं, "कुणी केलं असेल हो हे?"

पण घरी आले की मी वेगळी बाई असायचे. भाजी करपली तर "एरर आला" म्हणायचे. वहिनींनी एक गोष्ट दोनदा विचारली तर म्हणायचे, "वहिनी, तुमची सिस्टिम स्लो आहे." सदतीस वर्षांची घोडी, पण चालत होते अशी जणू काही माझ्यामुळेच परदेशी कंपन्या पुण्यात येणार होत्या. आणि सकाळी आठ चाळीसला मी पर्स लटकवून बाहेर पडायचे तेव्हा माझा डबा कोण भरत होतं? माझ्या मुलाला शाळेत कोण पोचवत होतं, परत कोण आणत होतं, त्याचे पाढे कोण घेत होतं? वहिनी. हे त्या वेळी माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. डोक्यात एअर कंडिशनर होता.

पहिला पगार झाला. शुक्रवारी संध्याकाळी परस्पर लक्ष्मी रोडला जाऊन ही आमसुली साडी घेतली आणि थेट वहिनींच्या स्वयंपाकघरात गेले. त्या पोळ्या करत होत्या. लाटणं ठेवलं, हात धुतले, पदराला पुसून कोरडे केले आणि मग साडी हातात घेतली. दिव्याखाली नेऊन काठ बघितला.

"तुझी नजर सुधारली," त्या म्हणाल्या. वहिनींच्या तोंडून म्हणजे हे सुवर्णपदकच.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. मी दुपारी आले तर गॅलरीत वहिनी आणि शेजारच्या तिघीजणी उभ्या. वहिनी खुशीत होत्या. म्हणाल्या, "मंगळवारी हळदीकुंकू आहे ना, त्याला तुझी आमसुली नेसते. घडी मोडून टाकू."

त्याच वेळी वरच्या दोरीवरच्या कपड्यातलं पाणी टपकन माझ्या भांगात पडलं. मी वैतागून ते पुसलं आणि त्याच वैतागात, त्या तिघींसमोर, म्हटलं, "नाही हं वहिनी. ही माझ्या कमाईची आहे. हिची घडी मीच मोडणार." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढे इंग्रजीत म्हटलं, "धिस इज माय फर्स्ट सॅलरी."

वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि आत गेल्या.

भांडण नाही, आदळआपट नाही. सोमवारी डबा रोजच्यासारखा भरलेला, भाजीत मीठ रोजच्यासारखं बेताचं. फक्त डबा हातात देताना त्या म्हणाल्या, "आपला डबा." काल-परवापर्यंत मी 'अगं' होते, 'वेडे' होते, 'ए शहाणे' होते. आता मी 'आपण' झाले. पुण्यात एखाद्याला घराबाहेर काढायचं असेल तर धक्का द्यावा लागत नाही.

मंगळवारी दार लावून मी मोठ्या ऐटीत साडी पलंगावर ठेवली आणि लक्षात आलं की हिला फॉल नाही. फॉल लावणार कोण? वहिनी. दुसरीकडे टाकायला द्यावी तर गल्लीत बातमी आधी पोचणार, साडी मागून. म्हणून त्या दिवशी जुनीच नेसले. मग म्हटलं, जरा निवळलं की बघू. मग म्हटलं, दिवाळीत बघू. मग आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला, तेव्हा इथे खिडकीतून नुसतं शेत दिसायचं, आता नुसता हायवे दिसतो. मी जाड झाले, मुलाचं लग्न झालं, नात झाली, कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायला लागले, निवृत्त झाले. साडी तळच्या कप्प्यात.

आमचं बोलणं बंद झालं असं नाही. संक्रांतीला तिळगूळ, लग्नाकार्यात आहेर, आजारपणात भेट. सगळं रीतसर. एक वाक्य तेवढं म्हणायचं होतं, "वहिनी, घडी तुम्ही मोडा." पाच शब्दही नाहीत पुरते. तीस वर्षांत जमलं नाही.

नात म्हणाली, "आजी, तू सॉलिड टॉक्सिक होतीस."

शब्दाचा अर्थ मी विचारला नाही. स्वरावरून कळला.

असो. दुकान सुरू झालं. वर्णन नात लिहायची: "व्हिंटेज, जेंटली यूज्ड, सुपर ग्रेसफुल." मी म्हटलं, "जेंटली कुणी वापरली? ही नेसून मी दोन मुंजींच्या पंगती वाढल्यात." मग मी सांगायला लागले आणि ती टाइप करायला लागली. "साडी जुनी आहे पण स्वभावाने चांगली आहे. पदराखाली श्रीखंडाचा डाग आहे, तो गेलेला नाही, जाणारही नाही. रंग असाच आहे का विचारू नये. रंग असा आहे म्हणूनच फोटो असा आला."

नातीला वाटलं गिऱ्हाइकं पळतील. उलट यायला लागली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे अकोल्याकडची, हिंजवडीत नोकरीला असलेली मुलगी. तिचा निरोप आला, "आजी, मले हे साडी लय आवडली. माह्या आईजवळ अशीच होती." घेतली. मग म्हणे नेसता येत नाही. मी तिला व्हिडिओ कॉलवर पाऊण तास निऱ्या शिकवल्या. ती एका हाताने फोन आणि एका हाताने निऱ्या धरत होती, मध्येच निऱ्या सुटायच्या, मध्येच फोन. सरतेशेवटी तिची मैत्रीण आली, तिने फोन धरला आणि साडी उभी राहिली.

त्या पहिल्याच पार्सलात माझ्या हातून एक गोष्ट झाली. बाईमाणसाला साडी नुसती देऊ नये. कुंकवाची पुडी, चार तांदूळ आणि नारळ पाहिजेच. मी तो साडीच्या घडीत मधोमध बसवला.

"आजी, आपण साडी विकतोय. ओटी भरत नाही आहोत," नात म्हणाली.

"पैसे घेतले म्हणून रीत सोडायची?"

पार्सल न्यायला जो येतो तो चाळिशीचा, मिशीवाला, गंभीर माणूस. त्याने पार्सल उचललं, कानाशी धरून हलवलं.

"आजी, लिक्विड चालत नाही."

"लिक्विड नाही. नारळ आहे."

"नारळात काय असतं?"

तो जिन्याने नारळ खळखळवत खाली गेला. चार दिवसांनी त्या मुलीने ॲपवर पाच तारे दिले आणि लिहिलं, "साडी मस्त. नारळ गोड निघाला. चटणी केली." ते वाचून आमच्या ह्यांना धंद्याचं एकदम मनावर आलं. दुसऱ्याच दिवशी बसने मार्केट यार्डात गेले आणि घाऊक भावाने अर्धं पोतं नारळ घेऊन रिक्षाने परत आले. "धंदा म्हटला की माल हाताशी पाहिजे," म्हणाले. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागे नारळ असतात.

हे सगळं मजेत चाललं होतं आणि मग पुतण्याचा, वहिनींच्या मुलाचा, बंगळुरूहून फोन आला. कसब्यातली इमारत पाडून नवी बांधायचं ठरलंय. आई आता एकटी नको, पुढच्या महिन्यात तिला कायमची इकडे आणतोय.

मी वहिनींना फोन केला.

"ऐकलं, जाणार तुम्ही."

"हो. आपल्याला कळवणारच होते."

"काही मदत लागली तर..."

"माणसं लावली आहेत. आपण दगदग करू नये."

चाळीस सेकंदांत संपलं. मी फोन हातात धरून बसले. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जाऊन ये की."

"जाऊन काय सांगू?"

"तीस वर्षं विचार करत्येयस. काहीतरी सुचलं असेल."

त्या दिवशी मला स्वतःचा इतका राग आला की मी तळच्या कप्प्यातून आमसुली काढली आणि नातीला म्हटलं, "टाक ही. विकून टाकू. जिच्यासाठी ठेवली ती चालली. आता कुणाची वाट बघायची?"

नातीला साडी पूर्ण उलगडून फोटो काढायचा होता. मी उलगडू दिली नाही. घडीतूनच काठाचं टोक जरा ओढून धरलं. फोटोत माझा हात आला, वाकडी करंगळी अगदी ठळक. नात म्हणाली हात कापून टाकते. मी म्हटलं राहू दे, काठाची रुंदी कळते. वर्णन मी सांगितलं: "नारायणपेठ. कधीही नेसलेली नाही. घडी मोडलेली नाही. कारण विचारू नये."

दोन दिवस नेहमीचे निरोप आले. "लास्ट प्राइस?" "पूर्ण फोटो पाठवा." "मॅम, बेज कलर आहे का?" तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात होतो तेव्हा नातीचा फोन वाजला. खऱ्या नावाऐवजी नुसते आकडे आणि जास्वंदीचा फोटो.

"घडी खरंच मोडलेली नाही, की लिहायचं म्हणून लिहिलंय?"

शेवटी प्रश्नचिन्ह, मध्ये स्वल्पविराम. ॲपवर स्वल्पविराम कोण घालतं? मी नातीच्या हातातून फोन घेतला आणि एका बोटाने लिहायला लागले.

"खरंच नाही."

"फॉल?"

"लावलेला नाही."

"का?"

कारण विचारू नये असं लिहिलं होतं. पण लिहिलं, "लावणारी मिळाली नाही."

पलीकडे तीन टिंबं नाचायला लागली. थांबली. पुन्हा नाचली.

"शोधली होती का?"

माझे पोहे गार झाले. नात म्हणाली, "आजी, ही बाई वियर्ड आहे. ब्लॉक करू?"

"खबरदार!"

मग पुढचा निरोप आला: "किंमत फार लावली आहे. तीस वर्षं एका घडीत राहिलेल्या रेशमाची एवढी नसते."

साडी किती वर्षांची हे मी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी लिहिलं, "भाव एकच." पाच मिनिटं काही नाही. मी मनात म्हटलं, संपलं. बाई, तुझ्या जिभेने तेव्हाही घात केला आणि आता बोटाने केला. तेवढ्यात फोन टिणकन वाजला. साडी विकली गेली होती, पूर्ण किमतीला. खाली पत्ता आला. नात वाचायला लागली, कसबा पेठ, आणि इमारतीचं नाव आलं तशी थांबून माझ्याकडे बघायला लागली. त्या पत्त्यावर मी एकोणीस वर्षं राहिले होते.

"पिकअपवाल्याला नको म्हण," मी म्हटलं. "हे मीच पोचवते."

साडी बांधली. कुंकू, तांदूळ. ह्यांनी पोत्यातले सहा नारळ वाजवून त्यातला एक निवडला. रिक्षाने निघाले. गल्ल्या अरुंद म्हणून रिक्षावाल्याने अलीकडेच सोडलं, पुढे चालत गेले. रिक्षात मी सबंध भाषण पाठ केलं होतं: "वहिनी, त्या वेळी माझं वय..." पण सदतीस हे काही वय नव्हे, म्हणून ते खोडलं. "वहिनी, त्या वेळी परिस्थिती..." पण परिस्थितीने इंग्रजी झाडलं नव्हतं. जिना चढून वर गेले तोवर भाषणात काहीच उरलं नव्हतं.

बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. चष्मा साखळीला लावून गळ्यात अडकवलेला. माझ्याकडे बघितलं, पार्सलकडे बघितलं.

"पार्सल बाहेरच ठेवा. डिलिव्हरीवाल्यांना आम्ही आत घेत नाही."

"सही लागेल," मी म्हटलं.

"मग या."

आत खोकीच खोकी. बसायला एक खुर्ची उरलेली, तीत त्या बसल्या. मी एका खोक्यावर टेकले. पार्सल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले.

"वहिनी, घडी मोडाल का?"

त्या उठल्या, आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. आत रिळं, सुया, बटणं, आणि तळाशी एक गुंडाळी. ती त्यांनी माझ्या हातात दिली. फॉल होता. आमसुली. अगदी तोच रंग.

"त्या शनिवारी सकाळीच आणला होता," त्या म्हणाल्या. "नवा फॉल आटतो म्हणून पाण्यातून काढून गॅलरीत वाळत घातला. तू भाषण देत होतीस ना, तेव्हा तुझ्या डोक्यावरच होता. एक थेंब पडला तुझ्या भांगात. मला वाटलं, आता ही वर बघेल."

मी वर बघितलं नव्हतं. मी थेंब पुसला होता आणि इंग्रजी बोलले होते. मी विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं, माझी साडी आहे ते?"

"करंगळी. याच दारात सापडली होती, मीच बांधली होती. वाकडी बांधली गेली. तीस वर्षं मला वाटतंय तुला सांगावं, की चूक माझी होती."

"आणि ॲपवर तुम्ही काय करत होतात?"

"रोज दुपारी बघते. घेत नाही. दुकानात गेलं की काहीतरी घ्यावं लागतं. इथे फुकट नावं ठेवता येतात."

मग त्यांनी साडी सोडली. तीस वर्षांची घडी दोन्ही हातांनी धरून झटकली आणि चर्रर्र असा आवाज आला. रेशीम घडीवरच विरलं होतं. दुमडलेल्या रेघेवर दोन ठिकाणी वीत-वीतभर फाटलं. जुनं रेशीम अधूनमधून उलगडून घडी बदलायची असते, हे मला काय माहीत नव्हतं? पण उलगडायची तर मोडावी लागली असती.

मी तोंडावर हात घेतला. वहिनींनी त्या फाटलेल्या जागेतून माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "माल सदोष आहे."

आणि त्या हसायला लागल्या. वहिनी हसल्या की आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मला ते विसरायला झालं होतं. मी जी हसायला लागले ती खोक्यावरून घसरले, खोक्यात काचेची भांडी होती, ती वाजली, म्हणून आणखी हसलो. मी रडलेही, पण ते हसण्यात जमा केलं.

"परत घेते. पैसे परत देते," मी म्हटलं.

"गप गं. निऱ्यांत जातंय." त्यांनी बोटांनी माप घेतलं. "एक पूर्ण जातंय. दुसरं जरा दिसेल. ते पदराआड घेते. सुईत दोरा ओवून दे, मला आता दिसत नाही."

मलाही दिसत नाही. चष्मा वर, चष्मा खाली, चौथ्या खेपेला दोरा गेला. त्यांनी तासाभरात फॉल लावला, हात अजून तसाच, टाका शोधून सापडणार नाही. मी मध्ये मध्ये साडी ताणून धरायचं काम केलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. मग त्यांनी ती नेसली. आमसुली त्यांच्यावर किती शोभत होती हे मी सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी बघायला पाहिजे होती असं म्हणणार होते, पण जिभेला आवर घातला. उशिरा का होईना, शिकले.

घडी मोडली की देवाला जायचं. आम्ही दोघी ग्रामदैवताला गेलो, पार्सलातलाच नारळ घेऊन. वाटेत गल्लीतली एक बाई भेटली. "अय्या, साडी कुठली हो?"

"ऑनलाइन घेतली," वहिनी म्हणाल्या. "विकणारणीने फसवलं. घडीवर फाटकी निघाली. पण नारळ दिला हो बरोबर."

त्या दुपारी ॲपवर माझ्या दुकानाला तीन तारे मिळाले. खाली लिहिलं होतं, "साडी बरी. वर्णनात खोटं नाही. विक्रेती उशिरा माल पोचवते." नात चिडली, म्हणाली रेटिंग पडलं. मी त्याचा फोटो काढून घ्यायला सांगितला. फ्रेम करून नारळाच्या पोत्यावरच्या भिंतीला लावला आहे.

वहिनी ठरल्या दिवशी गेल्या. स्टेशनवर मी गेले होते. रडारड झाली नाही, कारण त्यांचं लक्ष सामान मोजण्यात होतं आणि माझं त्यांना उगाच चुकीचे आकडे सांगण्यात.

गेल्या महिन्यात बंगळुरूहून पार्सल आलं. आत कोरी साडी, पोपटी, जांभळे काठ, फॉल लावलेला. सोबत चिठ्ठी: "नवी घेतली आहे. घडी मोडून परत पाठव. चार दिवसांच्या वर ठेवू नये. श्रीखंड खाऊ नये." मी चारही दिवस नेसले. भाजीला नेसून गेले, बँकेत नेसून गेले, एक दिवस काहीच काम नव्हतं तर नेसून गॅलरीत उभी राहिले. हायवेवरून गेलेल्या सगळ्यांनी बघितली असेल.

पाचव्या दिवशी घडी घालून बांधली. मिशीवाला आला. पार्सल उचललं, कानाशी नेलं, हलवलं.

"नारळ?"

"नारळ."

"बंगळुरू लांब आहे, आजी. नासेल."

"मग दोन टाकते, थांब," मी म्हटलं आणि सोफ्याच्या मागे गेले.